मदत हवी आहे : आईला औषधाच्या ट्रायलमध्ये (चाचणीत) घ्यायचं विचारलंय, गुरुवारी सहीआधी काय काय विचारू?

ऐरोलीची_लेक :

नमस्कार मंडळी. गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय, म्हणून घाईघाईत लिहितेय.

आई ६१ वर्षांची. आम्ही मूळचे पाटणकडचे, गेली तीस वर्षं ऐरोलीत. मशेरी तिला लहानपणापासूनची. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की आमच्या घरात सकाळ झाली. जानेवारीत डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, मग त्याची जखम झाली. तिखट सोसेना म्हणून दूधभातावर आली, तरी आम्हाला सांगितलं नाही. बायोप्सीत कॅन्सर निघाला. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. गालाबरोबर मानेतल्या गाठीही (लिम्फ नोड, त्या सगळ्यांनाच असतात) काढल्या, स्कॅनमध्ये मान स्वच्छ होती तरी. रिपोर्टमध्ये त्यातल्या एका गाठीत कॅन्सर सापडला, तोही आवरण फोडून बाहेर आलेला. म्हणून आता सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध.

परवा ओपीडीत डॉक्टरांनी ट्रायलचं विचारलं. फेज तीन. एका गटाला नेहमीचेच उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि जोडीला आणखी एक औषध. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरांच्याही हातात नाही. कोऑर्डिनेटर ताईंनी मराठीतलं माहितीपत्रक दिलं, चौदा पानांचं. आई सातवी शिकलेली. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून तीन संध्याकाळी वाचत बसली. ‘यादृच्छिक’ या शब्दाला अडली. मी अर्थ सांगितल्यावर म्हणाली, “म्हणजे चिठ्ठ्या टाकणार. मग सरळ तसं लिहावं की.”

शेवटच्या पानावर मात्र माझा धीर सुटला. शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि त्याखाली नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं. त्या रकान्याकडे बघून पोटात गोळाच आला.

भाऊ कळव्याला राहतो. तो म्हणतो, “आई काय उंदीर आहे का प्रयोग करायला?” मामांचाही तोच सूर. आई एवढंच म्हणते, “विचारलंय मला ना? मग मी सांगीन.” तिचा कल ‘हो’कडे आहे. घाबरलेय ती मी.

साध्या गटात नंबर लागला तर तिचं काही बुडणार आहे का? मधेच नको वाटलं तर उपचार बंद होतील का? औषधाने काही झालं तर खर्च कोण करणार? आणि ही ट्रायल रीतसर आहे हे मी घरबसल्या कसं तपासू? यातून गेलेलं कुणी असेल तर प्लीज लिहा.

---

सानपाडा_सिस्टर :

ताई, मी आठ वर्षं ट्रायलच्या पेशंटबरोबर काम केलंय, आता निवृत्त आहे. जमेल तेवढं सांगते.

आधी नॉमिनीचा रकाना. तो सरकारी नमुन्यातच आहे, भरपाई द्यायची वेळ आली तर कुणाला द्यायची ते कळावं म्हणून. तुमच्या आईंना जास्त धोका आहे असा त्याचा अर्थ अजिबात नाही.

भावाला रागावू नका. त्याची भीती हवेतून आलेली नाही. आपल्याकडे गरीब माणसांना नीट न सांगता ट्रायलमध्ये घेतल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१३ पासून नियम कडक होत गेले. आता २०१९चे नियम लागू आहेत. त्यानुसार ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार फुकट द्यावे लागतात, आणि इजा ट्रायलमुळे नाही हे ठरेपर्यंत ते थांबवता येत नाहीत. ट्रायलमुळे कायमचं अपंगत्व आलं किंवा माणूस दगावला तर भरपाई वेगळी. ती किती, याचं सूत्रही नियमातच आहे.

मधेच बाहेर पडता येतं. कारण सांगायची सक्ती नाही आणि नेहमीचे उपचार त्यामुळे तुटत नाहीत. हे वाक्य माहितीपत्रकात असतंच, आईंना बोट ठेवून दाखवा.

तपासायचं असेल तर पहिल्या पानावर सीटीआरआय नंबर शोधा. ही आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) ट्रायल नोंदणी, २००७ साली सुरू झाली. २००९च्या जूनपासून प्रत्येक ट्रायलची नोंद तिथे करावीच लागते. साइटवर नंबर टाकला की प्रायोजक कोण, कुठल्या रुग्णालयांत चालू आहे, किती पेशंट घेणार, एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित जपणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का, सगळं दिसतं. त्या कमिटीत कमीत कमी सात माणसं असतात. त्यात कायदा जाणणारं एक, तुमच्याआमच्यासारखं सामान्य एक, आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा. कमिटीचा फोन नंबर माहितीपत्रकावर असतो, तो मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आता साध्या गटाचं. जादा औषधाने फायदा होतोच हे डॉक्टरांना आधी ठाऊक असतं, तर चिठ्ठ्या टाकायचा त्यांना अधिकारच उरला नसता. ठाऊक नाही म्हणून तर ट्रायल.

अजून एक, हे तुमच्या मामांना जरूर वाचून दाखवा. आईंची मान स्कॅनमध्ये स्वच्छ होती तरी गाठी काढल्या, असं तुम्ही लिहिलंय. का काढल्या, ते विचारलंत का कधी? तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठ हाताला लागत नसताना मान उघडायची की गाठ येईपर्यंत थांबायचं, यावर सर्जन लोकांत वर्षानुवर्षं वाद होता. दोन्ही बाजूंना नावाजलेले डॉक्टर. परळच्या टाटा मेमोरियलने २००४ ते २०१४ या काळात ५९६ पेशंट घेतले आणि अशाच चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांच्या गाठी लगेच काढल्या, बाकीच्यांवर नजर ठेवून गाठ आली तर काढल्या. पहिल्या ५०० जणांचा हिशेब लागला तेव्हा लगेच काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल या डॉक्टरांच्या नावाजलेल्या मासिकात ते छापून आलं आणि वाद बराचसा मिटला. आईंच्या मानेतली ती एक गाठ स्कॅनला दिसली नव्हती. तरीही हाती लागली, ती या ५९६ माणसांमुळे. त्यातले किती तरी आपल्यासारखेच मशेरी-तंबाखूवाले असणार.

---

कोपरीकर_७१ :

आमच्या मिसेस तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरच्या ट्रायलमध्ये होत्या, साध्या गटात. अनुभव सांगतो. जादा रक्त काढलं जातं, फेऱ्या वाढतात. एकदा नुसत्या फॉर्मसाठी ठाण्याहून हेलपाटा पडला, त्या दिवशी चिडलो होतो. पण फोन केला की उचलणारं माणूस होतं, हा मोठा आधार. रात्री ताप आला तर कुणाला विचारायचं ते आम्हाला पक्कं माहीत होतं. बाकीच्या पेशंटना ते माहीत नव्हतं.

जायच्या आधी एवढं विचारून घ्या : नेहमीपेक्षा किती फेऱ्या जास्त, प्रवासाचे पैसे मिळणार का, जादा तपासण्यांचं बिल आपल्यावर येणार नाही ना. आणि सही केलेल्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. तो तुमचा हक्क आहे.

---

घणसोली_गार्गी :

काही सांगण्याइतकी माहिती मला नाही. काकूंना लवकर आराम पडो. रेडिएशनला सोबत कुणी हवं असेल तर मी दुपारी मोकळी असते, विपू (विचारपूस, म्हणजे इथला निरोप) करा.

---

ऐरोलीची_लेक :

सगळ्यांचे मनापासून आभार. सीटीआरआय नंबर टाकून पाहिला, ट्रायल सापडली, आमच्या रुग्णालयाचं नाव यादीत आहे. सिस्टर, तुमचा मानेचा परिच्छेद भावाला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, गुरुवारी मी पण येतो.

आईलाही वाचून दाखवला. ती आरशासमोर गेली, मानेवरच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “ही त्यांची होय.”

---

ऐरोलीची_लेक :

गुरुवारचं सांगते. आम्ही कागदावर अकरा प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली. फेऱ्या चार जास्त, जादा तपासण्या फुकट, प्रवासाचे पैसे पावती दिल्यावर. शेवटी त्यांनी आईला विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? तिने आमच्या यादीत नसलेला प्रश्न काढला. “हे औषध लागू पडलं, तर माझ्यासारख्या बाईला दुकानात परवडंल का?”

डॉक्टर पेन खाली ठेवून बोलले. आज महाग आहे, म्हणाले. पण डोस कमी करून भागतं का, तेही ट्रायलनेच कळतं. टाटामध्ये निव्होलुमॅब या महागड्या इम्युनोथेरपी औषधाचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला देऊन पाहिला. तोंडा-घशाचा कॅन्सर पुढे गेलेले पेशंट होते. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण नुसती स्वस्त औषधं घेतलेल्यांत १६.३ टक्के होतं, ही जोडी घेतलेल्यांत ४३.४. नेहमीचा डोस याच्या दसपटीहून जास्त असतो. आईने टक्क्यांकडे लक्ष दिलं की नाही कोण जाणे, पण ‘स्वस्त’वर मान हलवली.

सही तिने स्वतः केली, सावकाश, पूर्ण नाव. नॉमिनीत माझं नाव, नात्याच्या रकान्यात ‘लेक’. प्रत फाइलमध्ये आहे.

काल कोऑर्डिनेटर ताईंचा फोन आला. साधा गट. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. आई म्हणाली, “दोन्ही बाजू मोजल्याबिगर कसं कळंल?”

रेडिएशन सोमवारपासून, रोज दुपारी ३ची वेळ. गार्गी, बुधवारी माझी सुट्टी होत नाहीये, विपू केलाय. तोंडात फोड आल्यावर मऊ आणि बिनतिखटाचं काय काय देता येईल, ते वेगळ्या धाग्यात विचारते.