मदत हवी आहे : देव न मानणाऱ्या घरात नीतीला आणि दुःखाला आधार कशाचा?

नमस्कार. मी परभणीचा असून देव, पुनर्जन्म आणि कर्मफळ यांवरचा माझा विश्वास कॉलेजातच संपला. त्याची खंत नाही. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांसारखा उघड नास्तिक विचारवंत याच मराठवाड्यात होऊन गेल्याने आपण जगावेगळे आहोत, असेही कधी वाटले नाही. मात्र सातवीतल्या मुलीने परवा विचारले, "कुणी पाहत नसेल आणि कुणाचे नुकसानही होणार नसेल, तर खोटे का बोलू नये?" लोकांना आपल्यावर विश्वास ठेवता यावा म्हणून, हे माझे उत्तर तिला पटले नाही.

दुसरी अडचण अधिक जड आहे. वडील गेल्यावर आम्ही त्यांचे नेत्रदान केले, दहावा-तेरावा केला नाही. पण भजनाने आणि येत्या-जात्या माणसांनी त्या दिवसांत घराला जो धीर मिळतो, तो आम्हाला मिळाला नाही आणि आई एकटी पडली. (शेगावची पालखी परभणीत येते तेव्हा वारकऱ्यांना पाणी देताना ती सोबत मलाही जाणवते, विठ्ठल न मानता.) आता वर्षश्राद्ध जवळ आले असून गंगाखेडला गोदाकाठी विधी व्हावा, असा आईचा आग्रह आहे.

ज्यांनी धर्माशिवाय संसार केला, त्यांनी कृपया सांगावे : अशा वेळी तुम्ही आईसोबत गेलात का? घरी वेगळे काही केले असल्यास नेमके काय केले, आणि मुलीला मी काय सांगू?