स्पॅनिशमधील अपूर्ण भूतकाळ: ‘होतो’साठी वेगळा शब्द का लागत नाही?

वेंगुर्लेकर:
नमस्कार. मी घरबसल्या स्पॅनिश शिकते. ‘माझे आजोबा रोज मासे पकडत असत’ हे वाक्य मी ‘मि आब्वेलो एरा पेस्कार’ असे लिहिले आणि ‘आम्ही झोपत होतो’साठी ‘दुएर्मिआमोस’ लिहिले, दोन्ही चुकले. ‘असत’ आणि ‘होतो’ यांचा अर्थ स्पॅनिशमध्ये नेमका कुठे जातो, हे कोणी समजावून सांगेल का?

पांढरासमुद्र (रत्नागिरी):
तो अर्थ क्रियापदाच्या शेपटीतच असतो, त्यामुळे ‘एरा’ची (म्हणजे ‘होता’ची) गरज नाही. ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदाचा ‘आर’ काढून मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने आबा, आबास, आबा, आबामोस, आबाइस, आबान हे प्रत्यय लावावेत: पेस्काबा, पेस्काबास आणि पुढे तसेच. ‘एर’ आणि ‘इर’ या दोन्ही गटांना एकच संच पुरतो: इआ, इआस, इआ, इआमोस, इआइस, इआन. पाचवे रूप मुख्यतः स्पेनमध्ये वापरले जाते; लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’साठी सहावेच रूप चालते.

मराठी माणसाला हे परके वाटू नये, कारण आपला रीतिभूतकाळ असाच एका शब्दात उभा राहतो. ‘आजी गोष्टी सांगे’ यातील ‘सांगे’ म्हणजे ‘कोन्ताबा’. आपल्याकडे ‘मी जाई’ आणि ‘तो जाई’ ही रूपे सारखीच असतात, तसेच तिथेही पहिले आणि तिसरे रूप एकच असते. म्हणून संदर्भातून कर्ता कळत नसेल तेव्हा ‘यो’ (मी) किंवा ‘एल’ (तो) लिहावे. वर्तमानकाळात ‘दुएर्मो’, ‘कुएन्तो’ असा स्वर बदलतो, पण या काळात मूळ स्वर कायम राहतो, म्हणून ‘दोर्मिआमोस’. खरी अनियमित क्रियापदे तीनच आहेत: सेर म्हणजे असणे (एरा), इर म्हणजे जाणे (इबा) आणि बेर म्हणजे पाहणे (बेइआ). एवढी सोय वर्तमानकाळातही मिळत नाही.

बोटीवरचा (दाभोळ):
प्रत्यय दोन दिवसांत पाठ होतात. खरी फसगत पुढे आहे. मी दक्षिण अमेरिकेच्या बंदरांत ही भाषा ऐकत शिकलो आणि बराच काळ प्रत्येक ‘होतो’चे ‘आबा’ किंवा ‘इआ’ करत राहिलो. ‘मी रत्नागिरीत दहा वर्षे राहत होतो’ हे मराठीत सहज म्हणतो, पण मुदत सांगून ती संपल्याचे दाखवले की स्पॅनिशमध्ये साधा भूतकाळ येतो: ‘बिबी द्येस आन्योस’. मुदत न सांगता ‘त्या वेळी मी रत्नागिरीत राहत होतो’ म्हटले तरच ‘बिबिआ’. पाऊस पडत होता आणि गाडी आली, यात पाऊस ‘योबिआ’ आणि गाडी ‘येगो’. ‘एस्ताबा कोमिएन्दो’ (खात होतो) अशी दोन शब्दांची रचनाही आहे, पण ती त्या क्षणी चाललेल्या क्रियेसाठी वापरतात. आजोबांच्या रोजच्या सवयीसाठी ती योग्य नाही.

कोर्लईशेजारी (रेवदंडा):
‘आबा’मधील ‘ब’ ओठ पूर्ण न मिटता उच्चारावा, म्हणजे तो आपल्या ‘व’च्या जवळ जातो. तो लॅटिनमधून टिकून आला. ‘इआ’च्या गटात मात्र गळून पडला. पोर्तुगीजमध्ये तोच प्रत्यय ‘आवा’ झाला. (आमच्या शेजारच्या कोर्लईत पोर्तुगीजपासून घडलेली बोली अजून बोलतात, म्हणून या बाबतीत मला जरा जास्तच कुतूहल आहे.) लिहिताना ‘पेस्काबामोस’मधील ‘का’च्या स्वरावर आघातचिन्ह द्यावे, ‘आर’ गटात ते एवढ्या एकाच रूपाला लागते, तर ‘इआ’च्या सहाही रूपांत ‘इ’वर लागते.

वेंगुर्लेकर:
सर्वांचे आभार. आता असे लिहिले आहे: ‘मि आब्वेलो पेस्काबा तोदोस लोस दिआस. नोसोत्रोस दोर्मिआमोस. उन दिआ नो पेस्काबा.’

बोटीवरचा (दाभोळ):
पहिली दोन वाक्ये बिनचूक आहेत. तिसऱ्यात ‘एके दिवशी’ आल्यामुळे सवय मोडली आणि एक घटना घडली, म्हणून तिथे ‘नो पेस्को’ लिहा, आणि आघात ‘को’वर द्या, तो ‘पेस’वर पडला तर तुमच्या वाक्याचा अर्थ ‘मी मासे पकडत नाही’ असा होईल.