संप्लवन : यात तरंगण्याचा काय संबंध?

प्रश्न : मुलीचा विज्ञानाचा अभ्यास घेताना ‘संप्लवन’ (इंग्रजीत सब्लिमेशन) शब्द आला. प्लवन म्हणजे तरंगणं ना? मग स्थायूचा थेट वायू होण्याला हे नाव कसं? हिंदीत ऊर्ध्वपातन म्हणतात, तेच बरं नाही का?

उत्तर : अडखळायला होतं खरं, कारण मराठीत ‘प्लवन’ आपल्याला पाण्याबरोबरच भेटतं. पण संस्कृतातला ‘प्लु’ धातू नुसता तरंगत नाही, उडीही मारतो. प्लव म्हणजे तराफा, आणि प्लवग म्हणजे माकड किंवा बेडूक, उड्या मारत जाणारा. व्याकरणात ‘मंडूकप्लुती’ आहे : आधीच्या सूत्रातलं पद मधली सूत्रं ओलांडून पुढच्या एखाद्या सूत्रात जाऊन लागू होतं, तेव्हा त्या बेडूकउडीला हे नाव देतात. कापूर तेच करतो. मधली द्रवाची पायरी ओलांडतो. म्हणून मला हा शब्द फार नेमका वाटतो.

‘सम्’ लागला की पुराची छटाही येते. गीतेत दुसऱ्या अध्यायात ‘सर्वतः संप्लुतोदके’ आहे (2.46), म्हणजे चहूकडे पाणीच पाणी. कापराची डबी उघडल्यावर देवघरभर वास पसरतो, तिथे हाही अर्थ परका वाटत नाही. तरी मुलीला सांगताना उडीच सांगा. ती लक्षात राहते.

ऊर्ध्वपातन हा रसशास्त्रातला, म्हणजे पारा आणि धातूंपासून औषधं करण्याच्या शास्त्रातला, जुना, मानाचा शब्द. पाऱ्याच्या संस्कारांत, म्हणजे त्याच्या शुद्धीच्या प्रक्रियांत, ऊर्ध्वपातन, अधःपातन, तिर्यक्पातन असे पातनाचे तीन प्रकार आहेत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून सांधायची, खालून आच द्यायची, वरच्या मडक्यावर ओलं फडकं ठेवून ते गार राखायचं. पारा वर जाऊन आतून चिकटतो. पण पारा मुळातच द्रव, 357 अंश सेल्सिअसला उकळणारा. त्याची वाफ होऊन पुन्हा पारा होणं हे आपल्या आजच्या भाषेत ऊर्ध्वपतन (डिस्टिलेशन) झालं, संप्लवन नव्हे. ‘वर जाणं’ दोन्हींत आहे, ‘मधलं वगळणं’ फक्त संप्लवनात. मराठीने दोन क्रियांना दोन शब्द ठेवले, हे मला मोलाचं वाटतं.

प्रश्न : मग कापूर, आयोडीन हे पदार्थ वितळतच नाहीत असं म्हणायचं का?

उत्तर : नाही, ही चूक पुष्कळांची होते. आयोडीन सुमारे 114 अंशांना वितळतं, कापूर 175च्या आसपास. त्याआधीही त्यांच्या पृष्ठभागावरून कण सुटून जात असतात, एवढंच. शुष्क बर्फाची, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडची, गोष्ट वेगळी. तो नेहमीच्या हवेच्या दाबाला उणे 78.5 अंशांवर थेट वायू होतो. कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात हवा असेल तर दाब पाच पटींहून जास्त लागतो. म्हणून व्याख्येत ‘न वितळणारा पदार्थ’ लिहू नये, ‘द्रवरूप न होता’ लिहावं.

प्रश्न : बोलताना काय म्हणावं? आणि मनोविकारांच्या पुस्तकात हाच इंग्रजी शब्द येतो, तिथे?

उत्तर : तिथे उदात्तीकरण. संप्लवन तिथे चालणार नाही.

बोलताना ‘उडणं’ आहेच. आई कापराच्या डबीत चार मिरे टाकायची आणि म्हणायची, ‘झाकण घट्ट लाव रे, उडून जाईल.’ एकदा झाकण सैल राहिलं. महिन्याभराने पाहिलं तर चौकोनी वड्यांच्या कडा झिजून त्या गोल झाल्या होत्या, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक पांढरे स्फटिक चमकत होते. डबीत ओलावा कुठेच नव्हता. मुलीला पुस्तकाआधी ही डबी दाखवा. फक्त अत्तरही उडतं आणि पेट्रोलही उडतं, आणि ते बाष्पीभवन. म्हणून वहीत मात्र ‘कापराचे संप्लवन होते’ असंच लिहायला लावा.