विषय: कॅन्सर परतणार का, हे रक्तावरून कळतं?

नमस्कार मंडळी,
ह्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, स्टेज दोन. गाठ पूर्ण निघाली आहे. आता केमो द्यायची की नाही हे ठरवायला सीटीडीएनए नावाची रक्ततपासणी सुचवली आहे. सीईए ही कॅन्सरसाठीची नेहमीची रक्ततपासणी तर करतातच, मग ही आणखी कशाला? कुणाला माहिती असल्यास कळवा.

---

ताई, नमस्कार.
पॅथॉलॉजीत हयात गेली म्हणून लिहितो. निर्णय अर्थात तुमच्या डॉक्टरांचा.

सीईए सिगारेटने वाढतं, लिव्हरच्या दुखण्यातही वाढतं, आणि काही गाठी ते बनवतच नाहीत. सीटीडीएनए म्हणजे मरणाऱ्या कॅन्सरपेशींतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे. ते काही तासांत नाहीसे होतात. म्हणजे ऑपरेशननंतर महिनाभराने सापडले, तर कुठेतरी पेशी शिल्लक आहेत असं समजायचं.

2022 सालचा ऑस्ट्रेलियातला 'डायनॅमिक' अभ्यास नेमका तुमच्याच स्टेजचा, 455 रुग्णांचा. रक्त पाहून ठरवलं त्या गटात 15 टक्के लोकांना केमो दिली, नेहमीच्या पद्धतीत 28 टक्क्यांना. दोन वर्षांनी कॅन्सर न परतता जगणारे अनुक्रमे 93.5 आणि 92.4 टक्के. केमो घेणारे जवळपास निम्म्यावर आले आणि बिघडलं काही नाही!

---

काका, खूप आभार. म्हणजे निगेटिव्ह आली की सुटलो?

---

नाही हो. तुकडे फारच थोडे असले तर हाती लागत नाहीत. फुफ्फुसात किंवा पोटाच्या आवरणावर परतलेला आजार तर बऱ्याचदा हुलकावणी देतो. सीटी स्कॅन चुकवू नका.

आणि रक्त देण्याआधी एवढं विचारा, 'पॉझिटिव्ह आली तर करणार काय?' तुमच्या बाबतीत उत्तर आहे, केमो. सगळीकडे ते नसतं. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये सीए-125 (रक्तात मोजतात ते कॅन्सरचं एक प्रथिन) वाढताच केमो पुन्हा सुरू केलेल्या बायका आणि लक्षणं दिसेपर्यंत थांबलेल्या बायका सारख्याच जगल्या, हे 2010 मध्येच दिसलं. लवकर सुरू केलेल्यांच्या वाट्याला केमोचा त्रास मात्र जास्त आला.

एक कामाची गोष्ट. काही लॅब आधी गाठीतले जनुकीय बदल वाचतात आणि मग तेच रक्तात शोधतात. त्यासाठी गाठीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, लागतो. तो ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजीत असतो आणि निघायला वेळ खातो. आजच फोन करा.