डुकराचा नर कोणता घ्यावा? बजेट २० हजार, नागपूर

हिंगण्याचा_वराहवाला: १८ माद्या हायेत, सगळ्या यॉर्कशायर जातीच्या. आताच्या नराच्या पोरी गाभण जायला आल्या म्हणून नर बदलाचा हाय. बजेट २० हजार, गाडीभाडं धरून. अन् हे बीएलयूपी (नोंदींवरून पैदाशीचा नर निवडाचं गणित), ईबीव्ही (त्यातून निघणारा, जनावर पिल्लांले किती गुण देईल त्याचा अंदाज) लोकं बोलून राहिले ते आपल्या फार्मवर जमते का?

काटोलचा_भाऊ: राजेहो ४५ हजार टाका अन् ड्युरॉकच आणा. माह्यापाशी हाय, लाल भडक, लोकं पाहाले येतात.

सावनेर_पिग्ज: पाहाले येऊन काय फायदा. लँड्रेस घ्या, पिल्लं जास्त होतात.

सेमिनरी_हिल्स: व्हेटर्नरीला शिकतोय. वेतातली पिल्लं किती हे नराकडे पाहून कळत नाही, तिथे आनुवंशिकता (गुण रक्तातून किती उतरतो, ० ते १ मध्ये) ०.१ च्या आसपास. पाठीवरच्या चरबीची ०.४ च्या वर, म्हणून चरबी नराच्या स्वतःच्या मापावरून निवडता येते. पिल्लांसाठी त्याच्या आईची, मावश्यांची, बहिणींची वेतं पाहा. बीएलयूपी हेच करतं, सगळ्या नातलगांच्या नोंदी धरतं अन् शेड, हंगाम वगैरेचा फरक बाजूला काढतं. मे मधल्या उन्हात वाढलेलं अन् डिसेंबरचं पिल्लू सरळ तोलून चालत नाही ना. १८ माद्यांवर स्वतः गणित करण्यात अर्थ नाही, विकणाऱ्याकडे रजिस्टर मागा, पिल्लांचं २१ दिवसांचं वजन लिहिलेलं असेल तर उत्तम.

काटोलचा_भाऊ: माह्या ड्युरॉकले नाही लागला बाप्पा कॉम्प्युटर.

उमरेडकर: पिएट्रेन घ्या. काय मांड्या असतात!

सेमिनरी_हिल्स: घेतलाच तर हॅलोथेन जीनची टेस्ट विचारा. तो जीन आई-बाप दोघांकडून आला की पिल्लं ताणात गाडीतच मरू शकतात, नाहीतर मांस फिकं पडून पाणी सुटतं.

कामठी_रोड: रेकॉर्ड पाहा म्हणतो मीही. मला व्यापाऱ्यानं "इम्पोर्टेड" म्हणून लंगडा दिला, फोनही उचलत नाही आता. अन् नराचेही सड मोजा, सात-सात पाहिजेत, आत वळलेला एकही नको, पोरींत उतरते ते.

सावनेर_पिग्ज: नवा आणला की महिनाभर वेगळा ठेवा, स्वाइन फीवर (डुकरांचा साथीचा ताप) फिरून राहिला. हॉटेलचं खरकटं बंद, त्यातूनही येतो तो.

उमरेडकर: मग खाऊ काय घालाचं, भाव पाहिले का मक्याचे?

सावनेर_पिग्ज: उकळून द्या ना भाऊ!

हिंगण्याचा_वराहवाला: ड्युरॉक नाही, लँड्रेस नाही. कळमेश्वरच्या दोस्ताशी नराची अदलाबदल ठरली, यॉर्कशायरच, रक्त वेगळं. त्या नराच्या आईच्या वेतांची वही पाहून आलो, सडही मोजले. वरून ७ हजार. उरलेल्यात वजनकाटा घेतो.

काटोलचा_भाऊ: पस्तावसान.