मातीच्या बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी येतंय, मदत हवी आहे

राम राम मंडळी, रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळी आहे आणि वरच्या अंगाला नाल्यावर आजोबांनी स्वखर्चाने घातलेला मातीचा बांध. डोंगरात जोराचा पाऊस झाला की नाला एकदम फुगतो, तो लोंढा बांधात अडतो न् सांडव्यावरून दमाने तापीकडे जातो, म्हणून खालची वस्ती वाचते.

यंदा मागच्या पायथ्याशी पाझर वाढलाय. नितळ होतं तोवर काळजी नव्हती, मातीचा बांध थोडा पाझरणारच, पण आता पाणी ओंजळीत धरलं की तळहातावर बारीक पिवळी माती बसते, म्हणजे आतून माती वाहून चाललीय. उतारावर घुशींची बिळं आहेत, बाभळीही माजल्यात.

शेजारचे म्हणतात काळी माती टाकून बुजवून टाका, मला अजिबात पटत नाही, पाणी कोंडलं तर दुसरीकडून फुटेल. त्यापेक्षा आधी वाळू, मग बारीक खडी, वरून दगड असा थर दिला तर पाणी निघतं न् माती अडते, असं कोणी प्रत्यक्ष केलंय का? थर किती जाड? आणि बाभळी आत्ताच तोडू का, मुळं कुजून आत पोकळी होईल ही भीती वाटते.

मोटर लावून पाणी उतरवतोय, वस्तीतही सांगून ठेवलंय. खाजगी बांध तपासायला मृद व जलसंधारणवाले येतात का? जळगाव-धुळ्याकडचे कोणी इंजिनिअर असतील तर प्लीज लवकर सांगा, फी देऊ.