‘लायब्ररी काढली’ म्हणजे नेमके काय केले?

चर्चेचा आरंभ, रत्नागिरीहून

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत विद्यार्थ्यांना लिनक्स ही संगणकप्रणाली शिकवतो आणि प्रयोगशाळेसाठी मराठीतून सूचनापत्रके लिहितो. अलीकडे एका पत्रकात मी लिहिले होते, ‘सोर्सवरून बसवलेली जुनी लायब्ररी आधी काढा.’ (इथे लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडचा संच, आणि सोर्स म्हणजे तिचा मूळ कोड.) एका विद्यार्थिनीने ते घरी आजोबांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी विचारले, ‘नवी लायब्ररी कशाला काढायची? आपल्या गावात 1828 पासूनचे नगर वाचनालय आहे ना?’

आजोबांचे काहीच चुकले नाही. आपण दुकान काढतो, शाळा काढतो, मासिक काढतो, बँकेत खाते काढतो, तेव्हा ती वस्तू नव्याने अस्तित्वात आणतो; आणि काटा काढतो, दात काढतो, शेतातले तण काढतो, तेव्हा ती नाहीशी करतो. वाक्यात कर्म कोणते आहे यावरून एरवी अर्थ उघड होतो, पण ‘लायब्ररी’ हे कर्म असे आहे की दोन्ही अर्थ तितकेच सरळ लागतात. ‘इन्स्टॉल’साठी ‘बसवणे’ हा शब्द छान रुळला आहे, कारण आपण चौकट बसवतो, पंप बसवतो, घडी बसवतो. त्याच तोलाचा उलटा शब्द मला हवा आहे, आणि तो विशेषतः हाताने बसवलेल्या लायब्ररीसाठी हवा आहे. डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या भांडारातून एपीटी या साधनाने पॅकेज घेतले, तर कोणती फाईल कुठे ठेवली याची नोंद डीपीकेजी ही पॅकेजे सांभाळणारी यंत्रणा स्वतः ठेवते आणि पुढे त्या पुसण्याचे कामही चोख होते. सोर्स आणून ‘मेक इन्स्टॉल’ या आज्ञेने हाताने बसवले, तर फाईली बहुधा यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये जातात: लायब्ररी ‘लिब’मध्ये, हेडर (लायब्ररीत काय आहे हे इतर प्रोग्रॅमना सांगणाऱ्या फाईली) ‘इन्क्लूड’मध्ये, लायब्ररी कुठे आहे हे सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगची छोटी फाईल आणखी एका कोपऱ्यात. डीपीकेजीला यातले काहीच ठाऊक नसते.

सावंतवाडीहून

सर, ‘विस्थापित करणे’ हा शब्द काही ठिकाणी छापील मजकुरात पाहिला आहे. ‘स्थापित’च्या विरुद्ध ‘विस्थापित’, असे व्याकरणाने नीट बसते.

दोडामार्गहून

व्याकरणाने बसत असेल, पण आमच्या तालुक्यात बसणार नाही. तिलारी धरणात ज्यांची गावे गेली, ती माणसे आजही स्वतःला विस्थापित म्हणवतात. हा शब्द माणसांनी आपल्या अनुभवाने कमावलेला आहे आणि त्यात घर सोडावे लागल्याची वेदना आहे. संगणकातल्या फाईलींसाठी तो वापरू नये, ही माझी मनापासूनची विनंती. शिवाय विस्थापित माणूस दुसरीकडे कुठेतरी राहतो. पुसलेली फाईल कुठेच राहत नाही. अर्थाच्या दृष्टीनेही शब्द चुकीचाच आहे.

गुहागरहून

दोडामार्गच्या ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. माझा प्रस्ताव ‘उतरवणे’ असा आहे. आमचे घराणे सुतारकामातले, म्हणून हे सुचले. जुने घर पाडणे वेगळे आणि उतरवणे वेगळे. पाडायला घण पुरतो. उतरवताना आधी कौले काढून अंगणात रचतात, मग रिपा, मग वासे आणि शेवटी आढे. आणि तेच लाकूड पुन्हा उभारायचे असेल तर माझे वडील प्रत्येक वाशाच्या टोकाला खडूने आकडा घालायचे, कुठला वासा कुठल्या खाचेतला हे कळावे म्हणून. ज्या क्रमाने चढवले त्याच्या उलट्या क्रमाने, मोजून, काही मागे न ठेवता खाली आणणे हा त्या शब्दाचा अर्थ आहे, आणि सरांनी वर्णन केलेल्या कामाला तोच हवा.

रत्नागिरीहून

गुहागरच्या दादांनी दिलेला शब्द वाचून मला फार आनंद झाला, आणि लगेच अडचणही दिसली. ‘उतरवून घेणे’ हा प्रयोग ‘डाउनलोड’साठी कित्येक वर्षे चालू आहे. ‘लायब्ररी उतरवा’ असे लिहिले, तर निम्मे विद्यार्थी ती नव्याने आणतील.

पण खडूच्या आकड्यांची गोष्ट अगदी जागेवर लागली आहे, म्हणून ती थोडी पुढे नेतो. सीमेक या साधनाने बांधलेली, म्हणजे सोर्सपासून तयार केलेली, लायब्ररी बसवली की बांधणीच्या फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉल मॅनिफेस्ट’ नावाची साधी मजकूर-फाईल तयार होते. तिच्या प्रत्येक ओळीत एका फाईलीचा पूर्ण पत्ता असतो, दुसरे काही नसते. हेच ते वाशांवरचे आकडे. सीमेक स्वतःहून ‘मेक अनइन्स्टॉल’ची, म्हणजे बसवलेले पुसणाऱ्या आज्ञेची, सोय देत नाही, ती प्रकल्पाच्या लेखकाने करावी लागते, पण ही यादी हाती असेल तर ओळीओळीने फाईली पुसता येतात. ऑटोमेक हे बांधणीचे दुसरे साधन वापरणाऱ्या प्रकल्पांत ‘मेक अनइन्स्टॉल’ आपोआप मिळते, तेही मूळ फोल्डर आणि त्यातली मांडणी जशीच्या तशी असेल तरच.

आमच्याकडे नेमके तेच नव्हते. हापूसच्या फोटोंवरून डाग ओळखण्याच्या प्रकल्पासाठी ओपनसीव्ही ही चित्रे तपासण्याची लायब्ररी सोर्सवरून बसवली होती आणि नंतर डिस्कवर जागा हवी म्हणून मीच बांधणीचे फोल्डर पुसले. पुढे भांडारातली नवी आवृत्ती घेतली, तरी प्रोग्रॅम बांधताना यूएसआर-लोकलमधलीच जुनी हेडर उचलली जात, कारण शोधण्याच्या क्रमात ती जागा आधी येते. दोन दिवस आम्ही स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. एका विद्यार्थ्याने ‘लिब’ फोल्डरच पुसून टाकायचे सुचवले. त्याला वेळीच थांबवले, कारण पिप या साधनाने बसवलेली पायथन भाषेची पॅकेजेही त्याच झाडाखाली होती. शेवटी तीच आवृत्ती त्याच पर्यायांनी पुन्हा बांधली, पुन्हा त्याच जागी बसवली, म्हणजे यादी नव्याने तयार झाली, आणि मग त्या यादीने सगळे बाहेर काढले. काढण्यासाठी आधी बसवावे लागले, हे विद्यार्थ्यांना पटवताना मला शब्दांची खरी टंचाई जाणवली.

मालवणहून

सर, मला वाटते आपण नवा शब्द शोधतो आहोत आणि उत्तर सहायक क्रियापदात आहे. ‘काढणे’ एकटे असते तेव्हाच संदिग्ध असते. ‘काढून टाकणे’ म्हटले की लायब्ररी सुरू करण्याचा अर्थ उरतच नाही. ‘काढून घेणे’ म्हणजे आपल्याकडे घेणे. ‘काढून ठेवणे’ म्हणजे वापरातून बाजूला करणे, पण जपणे. पावसाळ्याआधी आम्ही होडीचे इंजिन काढून ठेवतो, काढून टाकत नाही. तुमच्या क्षेत्रात असा भेद आहे का?

रत्नागिरीहून

आहे, आणि अगदी असाच आहे! जीएनयू स्टो नावाचे साधन आहे. लायब्ररी ‘स्टो’ फोल्डरात तिच्या स्वतंत्र जागी बसवायची आणि यूएसआर-लोकलमध्ये फक्त तिच्याकडे बोट दाखवणारे दुवे ठेवायचे. नको झाली की दुवे जातात, फाईली मूळ जागी सुखरूप राहतात. हे शब्दशः ‘काढून ठेवणे’ आहे. एपीटीमध्ये ‘रिमूव्ह’ केले तर सिस्टीमच्या सेटिंगच्या फाईली मागे राहतात, तेव्हा ते नुसते ‘काढणे’. ‘पर्ज’ केले तर त्याही जातात. त्याला ‘निपटून काढणे’ म्हणावे असे मला वाटते, तळाशी साचलेले खरवडून घेण्याची छटा त्यात आहे.

गुहागरहून

आणि ‘मेक क्लीन’? माझा मुलगा सांगतो की त्यानेही लायब्ररी जाते.

रत्नागिरीहून

दादा, तो गैरसमज फार पसरलेला आहे. ‘मेक क्लीन’ बांधणीच्या फोल्डरातला कचरा झाडते. यूएसआर-लोकलमध्ये बसलेल्या एकाही फाईलीला हात लावत नाही. सुताराने भुसा झाडला म्हणून दार निघत नाही. त्यासाठी ‘झाडणे’ हाच शब्द मी पत्रकात घालतो.

बदललेली सूचना अशी केली आहे, कुठे खटकली तर अवश्य कळवा: ‘सोर्सवरून बसवलेली जुनी लायब्ररी, बसवताना झालेल्या यादीवरून, पूर्णपणे काढून टाका. यादी हाती नसेल तर तीच आवृत्ती त्याच पर्यायांनी पुन्हा बसवून यादी मिळवा. त्यानंतर एलडीकॉन्फिग ही आज्ञा चालवा, म्हणजे लोडरच्या (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधून देणाऱ्या भागाच्या) नोंदवहीतले तिचे नावही जाईल. काम पुरे होईपर्यंत बांधणीचे फोल्डर झाडू नका.’

सावंतवाडीहून

सर, ‘झाडू नका’ऐवजी तिथे ‘पुसू नका’ हवे. झाडले तरी यादी बहुधा शिल्लक राहील. फोल्डर पुसले की ती जाईल.

रत्नागिरीहून

बरोबर आहे, माझेच घसरले. ‘पुसू नका’ असे दुरुस्त केले आहे.